शेवटच्या सतरंजीपर्यंत

“मशीन दमलंय ह्ये,” असं म्हणून रेवणप्पानं अँप्लिफायर गुंडप्पाच्या काउंटरवर ठेवला, आणि आजारी लेकरू डॉक्टरापुढं झोपवून आई बाजूला उभी राहते तसा तो उभा राहिला. “आवाजच फेकंना बग.”

गुंडप्पाचं साउंड दुरुस्तीचं दुकान तुळजापुरात, देवळाच्या रस्त्यावर. समोर कवड्यांच्या माळांची आणि हळदीकुंकवाची दुकानं, मधून यात्रेकरूंचा लोंढा. या गलबल्यात बसून हा गडी दिवसभर स्पीकर दुरुस्त करी.

“मामा, दिवाळीला तर नेलं की तुमी ह्ये,” गुंडप्पा म्हणाला. तोंडासमोर तोंड करून म्हणाला, म्हणून रेवणप्पाला ते नीट कळलं.

“त्येच म्हणतोय म्या. आधीचं मशीन अडीचशे वॅटचं. ह्ये पाचशेचं. वॅट दुप्पट झालं, मग आवाज दुप्पट नगं व्हय? म्या मांडवाच्या शेवटी जाऊन हुबा ऱ्हायलो, तर उगं जरासा फरक. बाकीचं वॅट गेलं कुठं?”

गुंडप्पा हसला. हा प्रश्न त्याला रोज कुणी ना कुणी विचारत असे. पण रेवणप्पा म्हणजे अणदूर गावचा जुना साउंडवाला. त्यानं विचारलंय म्हटल्यावर नीट सांगायला हवं होतं.

“मामा, कानाचा हिशोबच येगळा. वॅट दुप्पट केलं तर कानाला चिमूटभर वाढल्यागत वाटतंय. खरंच दुप्पट वाटाय पायजे म्हणलं तर दहापट वॅट लागत्यात. आन् वॅट म्हंजी काय आवाज न्हाय. मशीन ताकद किती देतंय आन् स्पीकर ताकद किती झेलतोय, येवढंच त्याच्यातनं कळतंय. त्या ताकदीतनं आवाज किती काडायचा, ही ज्याची त्याची कुवत. तुमचा जुना भोंगा तीस वॅटवर गाव जागं करतोय. आन् ह्यो डबा बगा, शंभर खाऊनबी कोपऱ्यात गुरगुरतोय.”

त्यानं मशीन उघडून तपासलं, वायर जोडली, आणि काउंटरवरच्या स्पीकरवर एक गाणं लावून बटन वर नेलं. समोरच्या दुकानातल्या बाईनं दचकून कानावर पदर दाबला. रस्त्यानं जाणारे दोघेतिघे वळून बघायला लागले. गुंडप्पानं घाईनं आवाज खाली आणला.

“हां, बरं हाय,” रेवणप्पा म्हणाला. “पर साफ न्हाय. तोंडात घास धरून बोलल्यागत वाटतंय.”

गुंडप्पानं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग पाठ फिरवून, पेचकस खणात ठेवता ठेवता, तो म्हणाला, “मामा, कानाच्या डॉक्टरला दावा की एकदा.” असली गोष्ट वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर सांगायचा धीर त्याला झाला नसावा.

“व्हय व्हय,” रेवणप्पा म्हणाला. गुंडप्पा काय म्हणाला ते त्याला कळलं नव्हतं. पण मशीनला हात लावणारा माणूस दुसरं काय विचारणार, कार्यक्रम कधी आहे हेच. “सप्ताह बसायचाय. शेवटच्या दिशी माझ्या लेकीचं कीर्तन हाय.”

तो खुशीत एसटीत बसला. गुंडप्पानं वॅटचं सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि तेच वाईट झालं. वॅट दुप्पट केले तरी कानाला जरासाच फरक पडतो म्हटल्यावर रेवणप्पाला हवं ते कारण मिळालं. आता दुसरं काही शोधायची गरजच उरली नाही.

रेवणप्पाची एक पद्धत होती. बाकीचे साउंडवाले मशीनजवळ बसून, पानाला चुना लावता लावता आवाज ठरवतात. हा मशीन लावायचा, समोरच्याला बोलायला सांगायचा, आणि चपला हातात घेऊन मंडपाच्या कडेकडेनं पार शेवटच्या सतरंजीपर्यंत चालत जायचा. तिथं उशिरा आलेल्या म्हाताऱ्या बसलेल्या असत. त्यांच्यात मांडी घालून, डोळे मिटून तो चार वाक्यं ऐकायचा. शब्द साफ आला तर ठीक. नाही तर परत मशीनपाशी येऊन बटन इतकंसं फिरवायचा, पुन्हा शेवटी जायचा. तिथल्या म्हातारीला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. त्याच्या मंडपात कधी कुणाचं डोकं दुखलं नाही. खंडोबाच्या यात्रेत एवढ्या गर्दीत हरवलेल्या पोराचं नाव त्यानं पुकारलं तर ते आईला कळायचं. गावातलं लग्न असो, बारसं असो की ग्रामपंचायतीची पाण्याची दवंडी असो, अणदूरच्या कानात जे काही गेलं ते रेवणप्पाच्या भोंग्यातून गेलं.

मग हळूहळू शेवटच्या सतरंजीवर शब्द मळके यायला लागले. त्यानं बटन वाढवलं. पुढच्या वर्षी आणखी वाढवलं. भोंग्याचे युनिट बदलले, वायर जाड घेतली, मशीन मोठं घेतलं. म्हाताऱ्या सतरंजी सोडून मंडपाबाहेर लिंबाखाली बसायला लागल्या, तेव्हा त्याला वाटलं, वाऱ्याला बसल्या असतील. आवाज जास्त होतोय हे त्याला कुणी सांगितलं नाही. रेवणप्पाला आवाजाचं काय सांगायचं? उलट लोकांनाच वाटायचं, आपलंच वय झालं, आपल्यालाच सोसत नाही.

बाकीच्या गोष्टींनाही त्याच्याकडं कारणं तयार होती. चिमण्या ऐकू येत नाहीत, कारण गावात चिमण्याच राहिल्या नाहीत. कुकरची शिटी होत नाही, कारण हल्लीचे कुकर तसलेच. पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात, कारण मोबाइलमुळं त्यांची जीभ जड झाली. म्हणजे बघा, सगळं जग हळू बोलायला लागलं होतं, आणि एकट्या रेवणप्पाचे कान तेवढे ठणठणीत होते!

हरणाबाईला, त्याच्या बायकोला, केव्हाच कळलं होतं. ती त्याच्या समोर येऊन, मान वर करून बोलायला लागली. त्याचा फोन ती घ्यायला लागली. शेजाऱ्यांना सांगायची, “ह्यांचं ध्यान सारं मशीनमदी असतंय, हाक ऐकू जात न्हाय.” एकदा फक्त तिनं धीर करून विचारलं होतं, “अवो, तुमाला कमी येतंय का ऐकाय?”

“मला?” तो मोठ्यानं हसला होता. “आक्क्या गावाला ऐकवणारा माणूस म्या!”

त्यानंतर तिनं विचारलं नाही. पुन्हा विचारायला हवं होतं. पण ज्याचं घर आवाजावर चालतं त्याच्या दारात ही गोष्ट मोठ्यानं बोलायची कशी, हे तिलाही कळेना.

सप्ताहाच्या बैठकीत वेगळाच विषय निघाला. मठाचे पंच माणिकप्पा हे रेवणप्पाचे लहानपणचे सोबती. ते इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग म्हणाले, “रेवण्या, ह्या येळी नळदुर्गच्या विरेशचं साउंड लावावं म्हणतोय. तू आपला म्होरं बस. लेक कीर्तनाला हुबी ऱ्हाणार, तू बाप म्हणून बस की आरामात.”

रेवणप्पानं त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. एवढं मात्र त्याला शब्दन् शब्द कळलं.

“माणिकप्पा, म्या सगळ्यांच्या कीर्तनाला मशीन लावलं. कुठकुठल्या म्हाराजांचा आवाज फेकला. आन् माझी करिश्मा पयल्यांदा म्हायारात हुबी ऱ्हातीया, तर तिचा आवाज परक्याच्या मशीनमदनं यावा व्हय?”

माणिकप्पांनी मान खाली घातली. “लाव बाबा. तूच लाव.”

करिश्मा हे नाव बापानंच ठेवलेलं. ती जन्मली त्या वर्षी लग्नाच्या मांडवात जी गाणी वाजायची ती याच्याच भोंग्यावर वाजायची, आणि त्यांतल्या नटीचं नाव त्याला फार गोड वाटलं होतं. पुढं ती मुलगी शिवकीर्तनकार होईल आणि तिच्या बॅनरवर “शि.भ.प. करिश्माताई” असं छापून येईल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात होतं! तेर गावी दिल्यावर तिथल्या भजनी मंडळात ती गायला लागली, गाता गाता बोलायला लागली, आणि आता पार लातूरकडून तिला आमंत्रणं यायची. रेवणप्पानं तिचं कीर्तन अजून एकदाही ऐकलं नव्हतं. दर वेळी कुठं ना कुठं त्याचंच मशीन लागलेलं असायचं. या वेळी तो ऐकणार होता. शेवटच्या सतरंजीवर बसून, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. यापलीकडं त्याला काही नको होतं.

शेवटच्या, प्रसादाच्या दिवशी सकाळीच मंडप भरला. रेवणप्पानं इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. मंडपाच्या बांबूंना त्यानं चार भोंगे बांधले, करिश्माच्या दोन्ही बाजूंना स्पीकरचे डबे ठेवले, माईकची उंची तिच्या तोंडाला लावून बघितली. पांढरी साडी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष. लेक आहे की कुणी दुसरीच, असं त्याला क्षणभर वाटलं.

“अप्पा, जरा हळूच लावा हं,” ती म्हणाली.

“व्हय व्हय,” तो म्हणाला आणि चपला हातात घेऊन कडेकडेनं निघाला.

पेटी लागली, मृदंगावर थाप पडली. मृदंग त्याला आला, छातीत आला. मग करिश्मा बोलायला लागली, आणि जे आलं ते सगळं जाड, घोगरं, एकात एक मिसळलेलं. तिचा आवाज आहे एवढं कळत होतं. शब्द एकही सुटा होत नव्हता. त्यानं डोळे मिटले, कान दिला, पुन्हा उघडले. मग तो उठला, मशीनपाशी गेला आणि बटन चिमूटभर फिरवलं.

परत येऊन बसतो तोच त्याला दिसलं, समोरच्या ओळीतल्या दोघातिघांचे हात कानांकडं गेलेत. मग आणखी काहींचे. मग बायकांच्या बाजूला एक एक करत सगळ्यांचे. देवाचं नाव निघालं, काही चुकलंमाकलं आठवलं, की आपल्याकडं माणूस कानाला हात लावतोच. रेवणप्पाचा ऊर भरून आला. पोरीनं असं काय सांगितलं असेल, की आख्खा मंडप कानाला हात लावतोय! आणि तेच नेमकं आपल्याला ऐकू आलं नाही, याची त्याला चुटपुट लागली. तो पुन्हा लगबगीनं मशीनकडं निघाला.

माईक शिटी मारत होता. भोंग्यातून निघालेला आवाज माईकमध्ये शिरत होता, तोच मोठा होऊन पुन्हा भोंग्यातून बाहेर पडत होता, आणि सुई टोचावी तशी एक बारीक, उंच, न थांबणारी शिटी मंडपभर फिरत होती. ती बारीक होती, आणि असले बारीक, उंच आवाजच त्याच्या कानांतून आधी गेले होते, म्हणून रेवणप्पाला ती ऐकू आली नाही. साउंडवाल्याच्या पोराला चालायच्या आधी कळते ती गोष्ट, माईक कुई करायला लागला की बटन खाली आणायचं. त्यानं ते वर नेलं.

करिश्मानं माईक तोंडापासून लांब सारला. “अप्पा, कमी करा,” ती म्हणाली. तिच्या ओठांवर “अप्पा” उमटलेलं त्याला दिसलं. भर कीर्तनात लेकीनं आपलं नाव घेतलं! त्यानं हसून हात वर केला आणि बटन आणखी थोडं फिरवलं.

एक तान्हं मूल तोंड वासून रडत होतं. माणसं उठून उभी राहिली. माणिकप्पा गर्दीतून वाट काढत मशीनकडं यायला लागले. पण त्यांच्या आधी बायकांमधून हरणाबाई उठली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्या मशीनला कधी हात लावला नव्हता, पुसायलासुद्धा नाही. ती सगळ्या मंडपादेखत चालत आली, नवऱ्याच्या हाताखालून हात घातला आणि मशीन बंद केलं.

लाल दिवा विझला. “लाइट गेली?” रेवणप्पानं विचारलं. मग त्यानं वर पाहिलं. मंडपाचे पंखे फिरत होते.

हरणाबाई त्याच्यासमोर उभी राहिली. जे बोट स्विचवर होतं ते तिनं त्याच्या कानाला लावलं आणि नाही म्हणून मान हलवली. तिचे डोळे भरले होते. रेवणप्पानं मंडपाकडं पाहिलं. माणसांचे हात कानांवरून खाली येत होते. कुणी कान चोळत होतं. आता त्याला कळलं, हे हात भक्तीनं वर गेलेले नव्हते. चिमण्या, कुकर, पोरांच्या जड जिभा, दमलेलं मशीन, सगळं एका दमात त्याच्यापुढं उभं राहिलं. तो मशीनशेजारी खालीच बसला.

करिश्मानं माईक काढून बाजूला ठेवला. दोन पावलं पुढं आली आणि तशीच, नुसत्या गळ्यानं बोलायला लागली. मृदंगवाल्यानं हात हलका केला. रेवणप्पाला तिचे ओठ हलताना दिसत होते. बाकी काही नाही. एवढ्याशा अंतरावर लेक बोलत होती, आणि त्याच्या कानात नुसता पंख्यासारखा घूं घूं आवाज.

थोड्या वेळानं त्यानं मागं वळून पाहिलं. लिंबाखालच्या म्हाताऱ्या आत येऊन शेवटच्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्या माना डोलवत होत्या. त्यांना पोचत होतं. ना भोंगा, ना वॅट, आणि तरी पोचत होतं.

पुढं करिश्मा काय बोलली ते सगळ्या अणदूरनं ऐकलं. ती म्हणाली, “आई कामाला जायची तवा अप्पा मला मशीनच्या मागं झोपवायचं. मशीन गरम असायचं, थंडीत लई बरं वाटायचं. म्या ‘आई’ म्हणाय शिकायच्या आदी ‘हॅलो, हॅलो’ म्हणाय शिकले. लोकं इचारत्यात, ताई, तुमचे गुरू कोण? आवं, ज्यानं ह्या गावात येणाऱ्या दरेक साधूचा शबूद शेवटच्या म्हातारीपर्यंत न्हेऊन पोचवला, आन् आपुन कधी म्होरं येऊन बसला न्हाय, त्यो माझा गुरू. शबूद कुणासाठी बोलायचा, ह्ये म्या त्याच्याकडनं शिकले.”

सगळा मंडप वळून रेवणप्पाकडं पाहायला लागला. कुणी डोळे पुसले, कुणी बसल्या जागेवरून हात जोडले. रेवणप्पाला दिसलं ते एवढंच, की सगळा गाव आपल्याकडं बघतोय. का बघतोय, याबद्दल त्याला शंका नव्हती. लेकीचं म्हायारातलं पहिलं कीर्तन आपण नासवलं. तो मान खाली घालून धोतराच्या काठावरची धूळ झटकत राहिला. लोक बघायचे थांबले तरी झटकत राहिला.

आरती झाली. रिवाजाप्रमाणं माणसं एकेक करून कीर्तनकाराच्या पाया पडायला निघाली. तिथं वय बघत नाहीत, नातं बघत नाहीत. प्रसादाच्या पंगतीकडं निम्मा मंडप पांगला, तेव्हा रेवणप्पा उठला. लेकीसमोर जाऊन “शरणार्थ” म्हणत तो वाकायला लागला, तसं करिश्मानं त्याचे दोन्ही खांदे धरले. तिनं त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं. तिचा श्वास त्याला कानावर गरम लागला. शब्द आला नाही.

“व्हय,” असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मग तिच्या चेहऱ्याकडं पाहून ते मिटलं. ती उत्तराची वाट पाहत होती. हे खोटं बोलायला त्याला आता जमेना.

त्यानं आजूबाजूला पाहिलं, तिच्या जवळ सरला, आणि दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून अगदी हळू, कुजबुजल्यासारखं सांगितलं, “करिश्मा, मला ऐकाय येत न्हाय गं.”

हळू, असं त्याला वाटलं. मंडपाबाहेर चपला शोधणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली.